वरच्या आवाजाचे सर

लोहाऱ्यात आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते घरमालक म्हणजे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. गावात त्यांना सगळे तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'टेनर सर'. पाठीमागे म्हणणाऱ्यांत मी पहिली. चित्रकलेच्या माणसानं म्हातारपणी चित्रं काढावीत, नाहीतर अंगणातल्या तुळशीवृंदावनाला रंग द्यावा. या गृहस्थांनी तीस वर्षं पोरांकडून कलश आणि नारळ काढून घेतले आणि निवृत्त झाल्यावर गाण्याच्या मागे लागले. तेही स्वतःच्या नाही. त्यांचा स्वतःचा आवाज म्हणजे सकाळी पिठाची गिरणी सुरू करताना पहिला जो घरघराट होतो, तो. असल्या आवाजाच्या माणसानं पुरुषाचा सगळ्यात उंच आवाज पोरांना ओळखायला शिकवायचा विडा उचलला होता.

हे टेनर प्रकरण त्यांनी पुण्याहून आणलं. गुडघ्याच्या उपचारासाठी ते चार महिने मुलाकडे राहिले होते आणि तिथं नातीला सोबत म्हणून कुठल्याशा सभागृहात परदेशी गाणाऱ्यांच्या कार्यक्रमाला जाऊन बसले. तिकडे पुरुषांच्या आवाजाचे उंचीप्रमाणे प्रकार पाडतात, खालचा, मधला आणि वरचा, आणि त्या वरच्याला टेनर म्हणतात, हे त्यांना तिथं कळलं. एक जाडजूड माणूस माइकशिवाय गायला. एवढंच झालं होतं. पण ही हकिगत मी त्यांच्याकडून निदान दहा वेळा ऐकली आणि दर वेळी तिच्यात भर पडत गेली. पहिल्यांदा नुसता माइक नव्हता. मग शेवटच्या रांगेतल्या बाईच्या चष्म्याची काच थरथरली. मग सरांचा गुडघा तेवढा वेळ दुखायचा थांबला. मी नर्स आहे. पुण्याहून आल्यावर त्या गुडघ्यासाठी इंजेक्शन मीच देत होते, त्यामुळे तो किती थांबला होता ते मला चांगलं ठाऊक होतं.

परतल्यापासून त्यांना माणसं दिसेनाशी झाली, नुसते आवाज ऐकू यायला लागले. दूधवाला दारात ओरडला की सर त्याला थांबवून पुन्हा ओरडायला लावत. तहसीलला दाखला आणायला गेले तर दाखला तिथंच विसरून आले आणि मला कौतुकानं सांगत बसले की तिथला शिपाई अस्सल टेनर आहे, वाया चाललाय. मला तर पहिल्याच आठवड्यात ऐकवलं की सिस्टर, तुम्ही गळ्यातून बोलता, पोटातून बोलत जा. दिवसभर पेशंटवर ओरडून आलेल्या बाईला हे सांगणारा माणूस शहाणा असेल असं समजायला मला काही कारण नव्हतं. त्यांच्या बायकोला, काकूंनाही, ते समजायचं कारण सापडलं नव्हतं. त्या म्हणायच्या, त्या टेनरला कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवा, कामाला तर येईल.

एकदा त्यांनी जीपवाल्याला धरून आणलं. स्टँडसमोर उमरग्याच्या जीपा लागतात आणि त्यांतला एक पोरगेला माणूस दिवसभर 'उमरगाऽ उमरगाऽ' ओरडून सीटा भरत असतो. त्याचा तो शेवटचा 'गा' सरांना पसंत पडला. टेनर शिकवायला जमवलेल्या पोरांना जिवंत नमुना दाखवायचा म्हणून त्याला चहा पाजून ओसरीवर उभा केला, पोटावर हात ठेवायला लावला आणि 'गा' लांबवायला सांगितला. तोही बहाद्दर, चहाला जागला. एवढा लांबवला की गल्लीतली कुत्री उठून बसली. तेवढ्यात त्याची जीप तो नसताना दोन सीटांवरच निघून गेली. तो पळत सुटला आणि सर मागून त्याला सांगत होते, श्वास राखून पळ. पोरं लोळून हसली. सरांना वाटलं, पोरांना टेनर आवडला.

दर रविवारी सकाळी हा वर्ग भरायचा. फुकट. वर शेंगदाण्याचा एकेक लाडू. पोरं कशासाठी येत होती हे सांगायला नको. सर एक छोटा स्पीकर मधे ठेवायचे, पोरांना डोळे मिटायला लावायचे आणि त्या परदेशी गाणाऱ्यांपैकी कुणाला तरी लावायचे. मग एक हात छातीवर आणि एक हात डोक्यावर ठेवून सांगायचं, आवाज कुठं वाजतोय. मी समोरच्या खोलीत भाजी निवडत हे सगळं ऐकत असे. एकदा एका लहानग्यानं विचारलं, "सर, ह्याला लई दुखायलंय का?"

सर म्हणाले, "दुखत न्हाय रे. लई बरं वाटल्यावर बी आवाज तिथंच जातोय."

दुसऱ्या एकानं खिदळत म्हटलं की हा तर बाईसारखा गातोय. तेव्हा मात्र त्यांनी स्पीकर बंद केला. रागावलेले मी त्यांना तेवढेच पाहिले. म्हणाले, "बाप्याचाच आवाज हाय त्यो. उंच हाय म्हणून त्यात बाई हुडकू नगा." त्या दिवशी लाडू न देताच पोरांना घालवलं आणि अर्ध्या तासानं स्वतःच घरोघर जाऊन देऊन आले. माणसाला राग धड धरताही येत नव्हता.

पाण्याचा प्रयोग तर विसरताच येत नाही. आमच्याकडे तेव्हा आठ दिवसांनी नळ यायचा. नळ आला की काकू आणि मी भांडी, बादल्या, पिंप घेऊन रांगेत उभ्या. सरांनी त्या नळाभोवती पंधरा पोरं बसवली. घागर लावली आणि म्हणाले, ऐका, रिकामी असताना आवाज जाड, भरत आली की वर चढतो, अगदी काठाशी आली की टेनर. भरली की ओतून टाकायची आणि पुन्हा लावायची. पाच घागरी अंगणात ओतल्या. काकूंनी शेवटी घागर हिसकावून घेतली तेव्हा नळ जायची वेळ झाली होती. पुढचे आठ दिवस आम्ही टेनरवर आंघोळ केली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. घोळ झाला तो त्या तक्त्यामुळे. हाडाचे चित्रकलावाले, तेव्हा तक्ता केल्याशिवाय त्यांचं समाधान कसं होणार. मोठ्या पुठ्ठ्यावर त्यांनी आवाजाचे तीन पट्टे रंगवले. खाली तपकिरी, मधे हिरवा आणि सगळ्यात वर पिवळा, म्हणजे टेनर. तो तक्ता ओसरीवर टांगला आणि आठवडाभरात गावातल्या आया ओसरीवर यायला लागल्या.

आमच्याकडे भजनात कोण किती उंच पट्टीत गातो यावर त्याचा मान ठरतो. पेटीवाल्यानं काळी चार धरली आणि एखादा खाली घसरला की आठ दिवस त्याला चहाच्या टपरीवर ऐकून घ्यावं लागतं. अशा गावात तीन पट्ट्यांचा तक्ता टांगला तर लोक त्याला काय समजणार? निकाल समजले. पहिली आली ती दोन घरं सोडून राहणाऱ्या कृषी सहायकांची बायको. तिच्या ओमला सर कधीतरी म्हणाले होते की तुझा आवाज खालचा निघेल बघ. ती म्हणाली, "आमच्या ओमला वरच्यात घाला, सर. खालच्यात कशाला, त्यो काय ढ हाय का?"

सरांनी समजावलं. म्हणाले, खालचा म्हणजे कमी नाही. शिवाय पोरांना अजून टेनर-बिनर काही नसतो. मिसरूड फुटताना आवाज फुटतो, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी कळतं कोण कुठं बसला. आत्ता नुसती कानाला ओळख. हे ऐकून ती गेली आणि संध्याकाळी नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्यानं ओमचं प्रगतिपुस्तक आणलं होतं. गणितात पैकीच्या पैकी. त्याच्यानंतर आणखी तिघांनी प्रगतिपुस्तकं आणली. सर घाबरले. त्यांनी तक्ता आडवा टांगला, म्हणजे वर-खाली प्रश्नच नको. तेव्हा लोकांनी डावीकडून मोजायला सुरुवात केली.

कणा नावाची गोष्ट त्या माणसाला नव्हती. दोन रविवारांत त्यांनी हात टेकले. पोरांना रंगीत फिती वाटल्या आणि जो हट्ट करेल त्याला पिवळी दिली. अर्थात, यात त्यांचाही लोभ होता. पंधरा पोरांचा वर्ग तीसवर गेला होता आणि चष्म्याच्या काचेची गोष्ट ऐकायला आता पालकही बसत होते.

माझ्या मुलाला, सोहमला, पिवळी फीत हट्ट न करता मिळाली होती. तो तेव्हा आठवीत होता. आवाज स्वच्छ होता, उंच होता, आणि तो गायला लागला की काकू हातातलं काम ठेवून दारात येत. मी सरांची टिंगल करत होते आणि मोबाईलच्या स्टेटसवर पिवळी फीत लावलेल्या सोहमचा फोटोही ठेवत होते. दोन्ही मला एकाच वेळी जमत होतं. ओमची आई दवाखान्यात आली की मी तिच्या पोराच्या फितीचा रंग मुद्दाम विचारत असे.

जानेवारीत तालुक्यातल्या शाळांचा सांस्कृतिक कार्यक्रम होता. सरांनी कुणाकुणाचे पाय धरून त्यात पंधरा मिनिटं मिळवली. मुलांना आवाजांची ओळख, असा कार्यक्रम. सर माहिती सांगणार, पोरं सरांनीच जुळवलेल्या चार ओळी गाणार, आणि शेवटची वरची ओळ सोहम एकटा गाणार. ओळी सूर्य उगवण्याबद्दल होत्या. चित्रकलेच्या मास्तरला दुसरं काय सुचणार.

तीन आठवडे राहिले असताना मी सकाळी ड्यूटीला निघाले होते, तर सर अंगणात उभे. म्हणाले, "सिस्टर, पोराचा आवाज फुटायलाय. काल वर जाताना दोनदा मोडला. सा महिने गाऊ देऊ नगा त्याला."

मी म्हटलं, कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय.

"म्हणूनच आत्ता सांगायलोय. तक्ता धरू द्या त्याला. माहिती सांगंल. वरची ओळ म्या स्पीकरवर लावतो."

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? सोहमचा घसा नाही आला. ओमची आई आली. मला वाटलं, हिनं काहीतरी डाव टाकला आणि हे बिनकण्याचे गृहस्थ पुन्हा वाकले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मी रोज शंभर घसे बघते, सर. तुम्ही जन्मभर नारळ काढायला शिकवलंत. घशाचं मला सांगू नका."

त्यांनी खाली ठेवलेली झारी उचलली. मग म्हणाले, "बरं. तुमचं पोरगं हाय." आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

मला आजही वाटतं की त्यांनी तिथं ठाम नाही म्हणायला हवं होतं. मास्तर ते होते, मी नव्हते. त्यांना कळलं होतं आणि तरी ते गप्प बसले, हा त्यांचा गुन्हाच. पण मलाही कळलं होतं. त्याच रात्री मी बॅटरी घेऊन सोहमचा घसा पाहिला. घशाला काही झालं नव्हतं. मुलाचा आवाज वयानं फुटतो, तो मिठाच्या पाण्यानं सांधत नाही, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं विचारलं की नाही गायलं तर चालेल का. मी म्हटलं, आता थोडेच दिवस राहिलेत, मग काय हवं ते कर.

कार्यक्रम दुपारी होता. शाळेच्या मैदानात मांडव, पुढं सोफ्यावर पाहुणे, मागं हजारभर पोरं उन्हात. सर धुवट नेहरू शर्ट घालून स्टेजवर उभे राहिले, तक्ता दाखवला, घागरीची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरघराटात टेनर हा शब्द ऐकून लोक आधीच हसत होते. पोरं तीन ओळी बऱ्या गायली. मग सोहम पुढं आला.

पहिला शब्द नीट गेला. दुसऱ्याला आवाज वर चढला आणि फाटला. आधी शिट्टीसारखा बारीक निघाला, मग एकदम जाड, मग काहीच नाही. मैदानातली पोरं हसली. पोरांचं हसू पाहून सोफा हसला. पेटीवाला थांबला. सोहम तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता, हलेना. मागून कुणीतरी त्याची नक्कल केली आणि आणखी मोठा हशा झाला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ओमची आई माझ्या पुढच्याच रांगेत, मान वळवून माझ्याकडे बघत होती.

आणि सर गायला लागले. तीच ओळ, त्याच उंच पट्टीत, एक हात छातीवर, एक हात डोक्यावर, डोळे मिटून. काय आवाज लागला होता तो. त्या उंचीला गिरणीचा पट्टा तुटल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. क्षणभर लोकांना कळेना, मग सगळा मांडव हशानं फुटला. पाहुणे रुमालानं डोळे पुसायला लागले. सर थांबले नाहीत. ओळ संपली तर पुन्हा पहिल्यापासून धरली, आधीपेक्षा वर. त्यांनी डोक्यावरचा हात काढून मागं नेला आणि त्या हातानं सोहमला हळूहळू पडद्याकडे सरकवत राहिले. सोहम आत गेला. कुणी पाहिलंही नाही. सगळे सरांकडे बघत होते. तो दिसेनासा झाल्यावर सर आणखी एकदा ती ओळ गायले, मग हात जोडले आणि उतरले.

हे मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण कळलं होतं. तो हात मला दिसला होता. लोक माझ्या मुलाला सोडून त्या म्हाताऱ्याला हसायला लागले आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग मीही हसले. तोंडाला पदर लावून नाही, चांगली मोठ्यानं हसले, ओमच्या आईला दिसेल अशी. शेजारच्या बाईला म्हटलं, आमचे घरमालक आहेत, असेच आहेत.

त्यानंतर सरांना गावानं सोडलं नाही. स्टँडवर जीपवाले त्यांना पाहिलं की डोक्यावर हात ठेवायचे. सर हसून पुढं जात. वर्ग बंद पडला, आणि फितींसाठी हट्ट धरणाऱ्या आयांनी आपण कधीकाळी मुलं पाठवली होती हे मान्य करायचंसुद्धा बंद केलं. सोहमच्या आवाजाला काही झालं नाही. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही, एवढंच. सरांकडे मात्र जाऊन बसायचा. ते दोघे ओसरीवर काही न बोलता शेंगदाणे सोलत बसलेले मला दिसायचे. दोन महिन्यांनी आम्ही घर सोडलं. पाण्याची अडचण आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. निघताना काकूंच्या पाया पडले. सर आत झोपले होते, त्यांना उठवू नका म्हटलं.

आता सोहम लातूरला शिकतो. आवाज चांगला भरदार झालाय, खालच्या पट्टीतला. गात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी घरी येताना तो माझ्यापुढं दहा पावलं चालत होता. गल्लीतून कुणी हाक मारली तरी वळला नाही. दारात चपला काढताना पाठमोराच थांबला आणि त्या दोन तऱ्हेच्या आवाजात म्हणाला, "आई, तू पण हसत होतीस. मी पडद्यातून बघितलं."

मी त्याला जवळ ओढलं आणि सांगितलं, "अरे वेड्या, तुला नाही. मी सरांना हसत होते."

एवढं सांगितलं की त्याला बरं वाटेल, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.